शेकरू बघण्याची तालीम

कर्वेनगरातल्या एका गच्चीवर मी अकरा रविवार गवा म्हणून उभा होतो. गवा म्हणजे तो जंगलातला, काळा, रेड्याहून थोराड. आमच्या हिला शेजारणी विचारायच्या, "रविवारी तुमचे हे दिसत नाहीत ते?" तर ही म्हणायची, "गच्चीवर असतात. गवा झालेत. घरी असले तरी वेगळं काय करतात?"

हे सगळं आमच्या घरमालकांमुळं. त्यांच्या घराच्या खालच्या गाळ्यात माझं दुकान होतं, रिक्षाचे हूड आणि सीट शिवायचं. तेव्हा कर्वेनगरात पुढं बंगले आणि मागं ज्वारी असा कारभार होता. मी मूळचा खडकवासल्याकडचा. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढं का गेलो नाही, तर मास्तर वडलांना म्हणाले, "ह्याला चौथीत घातला तर चौथीचे मास्तर माझ्याशी बोलायचे बंद होतील." मास्तरांचा संसार मोडायला नको म्हणून मी शिवणकामाला लागलो.

मालक मला "हूडवाले" म्हणायचे आणि मी त्यांना "मालक". वीस वर्षांत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोघांचंही काही अडलं नाही.

गाळा बघायला गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांचा स्वभाव कळला. गाळा मला पसंत पडला. म्हणलं, "मालक, उद्या मशीन घेऊन येतो."

"उद्या नाही. आज आणा."

"आज टेम्पो न्हाई मालक."

"टेम्पो कशाला हवाय? आज मशीन न घेता मशीन आणा. आपण रस्त्यावर जा, मशीन उचलल्यासारखे हात करा, आणि आत या."

मला वाटलं थट्टा करतायत. बघितलं तर खुर्ची टाकून, चष्मा लावून, दाराकडं तोंड करून बसलेत. मग काय, भर दुपारी मी रस्त्यावरून रिकामे हात छातीशी धरून, ओझ्यानं वाकत वाकत आलो. समोरचा चहावाला बघतोय. दारात आलो तर मालक म्हणाले, "थांबा. कोपर लागलं. परत. डाव्या अंगानं." चार वेळा मी नसलेलं मशीन आत आणलं. चौथ्यांदा म्हणाले, "आता बसलं. उद्या असंच."

दुसऱ्या दिवशी खरं मशीन आलं आणि मी नेमका उजव्या अंगानं घुसलो. अर्धा मी आत, अर्धा बाहेर, मध्ये मशीन, आणि ह्यातलं काहीच हलेना. आतून शांत आवाज आला, "तालमीत आपण डावीकडून आला होता."

त्यांचं म्हणणं असं होतं, की माणूस कुठंही पहिल्यांदा जातो तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. तो नुसता गोंधळतो. म्हणून पहिल्यांदा घरीच जाऊन यायचं. मग खरं जाल ते दुसऱ्यांदा होतं. बँकेत जायचं असलं की आधी काकू जाळीच्या खिडकीमागं बसायच्या आणि मालक बाहेरून फॉर्म द्यायचे. काकू म्हणजे मालकीणबाई. त्या कधी कधी मुद्दाम म्हणायच्या, "साहेब जेवायला गेलेत, तीन वाजता या." मालक खरंच तीनपर्यंत थांबायचे.

एकदा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याचीसुद्धा तालीम. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे ऑपरेशनचं टेबल, काकू नर्स, वरच्या मजल्यावरचे पोस्टातून रिटायर झालेले काका डॉक्टर, आणि पलंगावरून टेबलावर नेणारं स्ट्रेचर म्हणजे मी आणि एक रिक्षावाला. मी पायाकडं होतो. पोस्टातल्या काकांनी डॉक्टरसारखा चेहरा करून "पेशंटला शेवटची इच्छा विचारा" म्हणलं, मला हसू फुटलं आणि माझ्या बाजूचा पेशंट सुटला. मालकांचा पाय मुरगळला. ऑपरेशन तीन आठवडे पुढं गेलं. मला वाटलं गाळा सोडावा लागणार. पण ते जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाले, "बरं झालं, इथेच झालं. तिकडे झालं असतं तर?"

मालकांनी सगळी नोकरी एका कॉलेजात काढली, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. बेडूक, साप, मासे स्पिरिटच्या बाटल्यांत भरून ठेवायचे, मेलेल्या पक्ष्यात पेंढा भरून तो जिवंत वाटेल असा बसवायचा, हे त्यांचं काम. पोरं चुकून "सर" म्हणाली की म्हणायचे, "सर वर्गात भेटतील. मी बाटल्यांत असतो."

माझ्या कामाकडं ते त्याच नजरेनं बघायचे. दुकानात येऊन उभे राहायचे आणि मी शिवलेल्या सीटवर बोट दाबायचे. "हूडवाले, ह्यात जीव आला नाही." आता रिक्षाच्या सीटमध्ये जीव कशाला पाहिजे? पण सहा महिन्यांत तीच सीट उसवून परत यायची. मग ते दारातून नुसते बघायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता शेकरूचं सांगतो.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा मालक कॉलेजच्या सहलीबरोबर भीमाशंकरच्या जंगलात गेले होते. तिथं झाडाखाली मेलेलं शेकरू सापडलं. शेकरू म्हणजे मोठी खार, तांबूस अंगाची. मांजराएवढं अंग आणि तेवढीच वर शेपूट. सर म्हणाले, राहू द्या. मालकांनी ते पंच्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला आणलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "किती महिन्यांचं आहे?" मालक म्हणाले, "झोपलंय, उठवू नका."

घरी स्वयंपाकघरातल्या पाटावर तीन दिवस त्याचं काम चाललं. काकूंनी ते तीन दिवस चूल मागच्या अंगणात मांडली. काम असं झालं म्हणे, की मुंबईच्या प्राण्यांच्या म्युझियमचे कोणी मोठे साहेब कॉलेजात आले, ते बघून थक्क झाले आणि म्हणाले, हे आम्हाला द्या. दिलं. तिकडून पोचेचं पत्र आलं, सस्तन प्राण्यांच्या दालनात तिसऱ्या कपाटात ठेवलं आहे, आभारी आहोत.

त्यानंतर तीस वर्षं मालक मुंबईला गेले नाहीत. आधी परीक्षा होत्या, मग पोरीचं बाळंतपण, मग पाऊस, मग परत परीक्षा. पण कुणी नवीन माणूस भेटला की दहाव्या मिनिटाला शेकरू निघायचंच. गल्लीत सगळ्यांना ते पाठ. पोस्टातले काका म्हणायचे, "अहो, मुंबईच्या हवेत माणसं टिकत नाहीत, तुमची खार काय टिकतेय? कसर लागून कधीच गेली असेल. पोच मिळाली म्हणजे माल पोचला, एवढंच. पुढं काय झालं ते पोस्ट सांगत नाही."

मालक हसायचे. पण त्या दिवशी दुकानात येऊन सीट दाबायचे नाहीत.

एकदा काकू फाटलेली पिशवी शिवून घ्यायला आल्या होत्या. म्हणल्या, "हूडवाले, तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांना परीक्षा नडत नाहीत की पाऊस नडत नाही. भीती वाटते. तिथं नसलं तर? जन्मभर एवढं एकच काम आहे ह्यांचं, जे बाटलीबाहेर आहे."

"मग काकू, तुमीच न्या की त्यान्ला."

"मी गेले असते हो. मला पण एकदा बघायचंय ते मेलं. तीन दिवस माझं स्वयंपाकघर अडवलं त्यानं, मी तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं."

मालक रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून मुंबईला म्युझियम बघायला जायचं. वीस-बावीस माणसं तयार झाली. कुणाला म्युझियम बघायचं होतं, कुणाला समुद्र, पोस्टातल्या काकांना शेकरू नसलेलं बघायचं होतं. आणि तालमी सुरू झाल्या.

मालकांनी कुठून तरी म्युझियमचा नकाशा मिळवला आणि गच्चीभर खडूनं आखला. पाण्याची टाकी म्हणजे हत्ती. वाळत घातलेल्या कुरडया म्हणजे शंखशिंपले. दोरीवरचे कपडे म्हणजे पक्षी विभाग. काकूंची हिरवी साडी पोपट म्हणून तीन रविवार लटकत होती, नेसायला मिळेना. गव्याच्या जागी काहीच बसेना. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आपला जाऊन उभा राहिलो.

रांग माझ्यासमोर यायची आणि मालक हातातल्या छडीनं माझ्या खांद्याला स्पर्श करून सांगायचे, "हा खांद्यावरचा उंचवटा पाहा. हा प्राणी लाजाळू असतो. माणसाची चाहूल लागली की निघून जातो." मी निघून जायचो नाही, कारण दिवसातून दोनदा खाली चहा मिळायचा. एकदा शिंकलो. मालक म्हणाले, "हूडवाले, आपण मेलेले आहात." पोस्टातले काका तेवढ्यात एक शंख तोंडात टाकताना सापडले. त्यांना मालकांनी रांगेतून बाहेर काढलं. "हात लावायचा नाही हा पहिला नियम. आपण तर चावलात."

रांग सगळीकडं थांबायची, पण तिसऱ्या कपाटाशी खडूचा एक चौकोन होता, तिथं मालक काही बोलायचे नाहीत. नुसते थांबायचे आणि मग पुढं व्हायचे. तिथं शेकरू म्हणून त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. मी म्हणलं, "मालक, हिथं एखादी उशी तरी ठेवू या." काकू एकदम खोकल्या. मालक म्हणाले, "नको. रिकामंच बरं."

अकराव्या रविवारी गाडी ठरली, एसटीची प्रासंगिक करारावरची लाल गाडी. तारीख ठरली. आणि मग मालक म्हणाले, की त्याआधी एका माणसानं पुढं जाऊन यायला पाहिजे. पायऱ्या किती, बसायला बाक कुठं, पाणी कुठं, संडास कुठं, दार किती वाजता उघडतं, बंद कधी होतं. आणि सातवं, शेकरू आहे का.

पोस्टातले काका म्हणाले, "मी जातो."

"आपण नाही. हूडवाले जातील."

"त्यांना इंग्रजी पाटी वाचता येत नाही!"

"म्हणूनच. जे दिसेल तेवढंच सांगतील."

तीस वर्षं लागली त्यांना कुणाला तरी पाठवायला, आणि पाठवला कोण, तर मी. मला जे समोर आहे ते दिसत नाही, आणि जे सांगायचं नाही ते आधी तोंडातून बाहेर पडतं. तरी सात गोष्टी सात बोटांवर घेऊन मी गेलो.

म्युझियमला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पायऱ्या मोजल्या, बावीस. एक बोट मिटलं. दाराची वेळ दरवानाला विचारली, दोन बोटं मिटली. पाणी, संडास, झालं. सहाव्या बोटाला बाक आला. आत शिरल्या शिरल्याच होता, चांगला लांब, काळ्या रेक्झिनचा. आणि त्याची ती शिवण बघून माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात दुहेरी टाके पाहिजेत, तर तिथं एकेरी. फोम एका बाजूला गोळा झालेला. म्हणलं, एवढ्या मोठ्या जागेत, एवढी लोकं येतात, आणि बाकाची ही दशा! खालून कसं ठोकलंय ते बघायला मी आडवा झालो आणि बाकाखाली शिरलो.

दरवानानं पाय धरून बाहेर ओढला. "काय ठेवताय खाली?"

"ठेवत न्हाई हो, बघतोय. खिळे चुकीचे मारल्यात."

दरवान साताऱ्याकडचा निघाला. म्हणाला, "पावनं, साहेबांचं चार अर्ज झाल्यात ह्या बाकाचं. कुणी येत न्हाई." माझ्या खिशात सुई-दोरा कायम असतो. मग काय! कव्हर काढलं, फोम सारखा केला, परत शिवलं. दोनदा चहा झाला. गावाकडच्या गोष्टी झाल्या. त्यानं बसून बघितला, मी बसून बघितला, फार छान झाला. आणि टण टण घंटा वाजली. बंद व्हायची वेळ. बोटांकडं बघितलं तर सातवं बोट उभंच.

पुण्यात पोचलो तर मालक खुर्चीत, मांडीवर वही, हातात पेन. काकू चहाचा कप घेऊन दारात. मी सगळं सांगितलं. पायऱ्या, वेळ, पाणी. बाकाबद्दल तर इतकं सांगितलं, की मालकांनी वहीचं पान उलटलं.

"आणि शेकरू?"

काकूंनी पुढं केलेला कप मध्येच थांबवला. मी त्या कपाकडं बघितलं. म्हणायचं होतं, मालक, गाढव आहे मी, तिथवर गेलोच नाही. तोंडातून निघालं, "आहे की! तिसऱ्या कपाटात. लई छान हाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "ठीक. रविवारी पहाटे पाचला निघू."

आमच्या हिला मी खरं सांगितलं. ती म्हणली, "गवा होतात तेच बरं होतं. गवा खोटं बोलत नाही."

त्या रविवारी गाडीत माझ्याइतकी प्रार्थना कुणी केली नसेल. गाडी बंद पडू दे, घाटात दरड येऊ दे, मला ताप येऊ दे. घाटाच्या अलीकडं चाक पंक्चर झालं तेव्हा मी उतरून हात जोडले. तर ड्रायव्हर असा हुशार, की वीस मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. घाटात मला उलट्या झाल्या. काकूंनी आवळासुपारी दिली. "घाट लागला वाटतं हूडवाल्यांना." मालक पुढच्या सीटवर नवा शर्ट घालून ताठ बसले होते.

म्युझियममध्ये सगळी रांग तालमीप्रमाणं आत गेली. हत्तीपाशी थांबलो, खरा हत्ती टाकीपेक्षा लहान निघाला. गव्यापाशी सगळ्यांनी आधी मला बघितलं आणि मग गव्याला. मालक काही सांगत होते, पण नजर पुढच्या दाराकडं होती. मग सस्तन प्राण्यांचं दालन आलं. त्यांनी आम्हाला दारातच थांबवलं आणि एकटे पुढं गेले. पहिलं कपाट, दुसरं, तिसरं.

तिसऱ्यात पिसोरी होती. म्हणजे ते सशाएवढं हरीण असतं ना, ते.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पिसोरी पिसोरीच राहिली.

पोस्टातल्या काकांना इतकी वर्षं हेच बघायचं होतं, पण त्यांनीही मान दुसरीकडं वळवली. काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी घाईघाईनं म्हणलं, "धुवायला काढलं असंल."

पोस्टातले काका म्हणाले, "शेकरू आहे ते! सोफ्याचं कव्हर नाही."

"न्हाई, म्हंजे, त्या दिवशी हितंच..."

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे, बाकवालं पावनं! या, या!" तोच साताऱ्याचा दरवान. माझा हात धरून सगळ्या गल्लीला सांगायला लागला, "लई भारी मानूस! त्या दिशी आल्यापास्नं घंटा हुईस्तवर बाकाखालीच. म्होरं पाऊलसुदिक टाकलं न्हाई. म्हनलं, अहो बघा तरी! न्हाई, शिवनच चालली."

त्या दालनात कपाटाला मोठं कुलूप होतं, नाहीतर मी पिसोरीशेजारी जाऊन उभा राहिलो असतो.

काकू म्हणल्या, "हूडवाले, तुम्ही पाहिलं म्हणालात! छान आहे म्हणालात!"

मी खाली बघत उभा राहिलो. पण मालकच बोलले, पिसोरीकडं तोंड करून.

"त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला माहीत होतं."

"काय?"

"बाकाचा एकेक खिळा सांगितला त्यांनी. शेकरूची शेपूट सांगितली नाही. शेकरू पाहिलेला माणूस आधी शेपूट सांगतो."

"अहो मग बावीस माणसं घेऊन आलात कशाला?" काकू म्हणल्या.

"ते 'नाही' म्हणाले असते तर मी आलो नसतो. 'पाहिलं नाही' म्हणाले असते तर बारावा रविवार घेतला असता. 'आहे' म्हणणारं कुणी तरी हवं होतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपले आभार. पण परत खोटं बोलाल तर गाळा खाली करावा लागेल."

दरवान मध्येच म्हणाला, "शेकरू म्हंजे ती थोरली खार का? तांबडी? मग हितं कशाला हुडकताय? ती टेबलावर आसती."

टेबल मागच्या खोलीत होतं. अंध शाळेतली मुलं येतात त्यांच्यासाठी मांडलेलं, हात लावून बघायचं. सांबराचं शिंग, कासवाची पाठ, मोराची पिसं, आणि मध्ये एका फांदीवर शेकरू. त्या दिवशीही एक शाळा आलेली होती. दहा-बारा मुली आणि त्यांच्या बाई.

शेकरूची पाठ पार गुळगुळीत झाली होती. केस उरले होते ते कानामागं आणि पोटाखाली. शेपूट म्हणजे नुसती दोरी. एक डोळा पडला होता. माझ्या मनात आलं, नसतं सापडलं तर बरं झालं असतं.

एक दोन वेण्या घातलेली मुलगी ते उचलून उलटं करून चाचपत होती. मालक तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले. मला वाटलं आता म्हणतात, हात लावायचा नाही.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"खार. पण खूप मोठी," मुलगी म्हणाली. "पोटावर टाके आहेत. मी मोजले. एकोणीस."

"वीस आहेत."

"एकोणीसच आहेत. दोनदा मोजले."

"विसावा शेपटीच्या मुळाशी आहे. तो दिसत नाही."

बोलून गेले आणि मालकांचं तोंड एकदम पडलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, मला एकोणीससुद्धा दिसत नाहीत."

आणि मालक हसले. वीस वर्षांत मी त्यांना तोंड उघडून हसताना बघितलं नव्हतं. दात छान होते त्यांचे. मुलीनं बोट फिरवत फिरवत शेपटीच्या मुळाशी नेलं, थांबली आणि म्हणाली, "हा! सापडला. लबाड आहे."

मी वाकून बघितलं. काय सांगू! इतकी वर्षं, किती पोरांनी दाबलं, ओढलं, उलटं केलं असेल, आणि वीसच्या वीस टाके जागेवर. एक उसवला नव्हता. माझ्या सीटवर तर एकाच माणसाला बसायचं असतं.

मग मालकांनी पुढच्या दालनांचं काही बघितलं नाही. वही पोस्टातल्या काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आपण न्या सगळ्यांना." काकांनी पक्षी विभाग अगदी मालकांच्या आवाजात दाखवला म्हणे. मालक टेबलाशी उभे राहून एकेका मुलीला सांगत होते, हा कान, ही नखं, ह्यानं फळ कसं धरतं. शेपूट केवढी फुगीर होती ते हातानं दाखवायला गेले, मग लक्षात आलं तसं त्यांनी मुलीचेच दोन्ही हात धरून लांब केले. "एवढी."

काकू इतका वेळ लांबच होत्या. त्या पुढं आल्या, पदर खोचला आणि पहिल्यांदा त्या शेकरूच्या पोटावर हात ठेवला. दाबून बघितलं.

"मऊ आहे ना?" त्या वेणीवालीनं विचारलं.

"असणारच बाई," काकू म्हणाल्या. "माझ्या रुखवतातली उशी आहे ती आत. सावरीच्या कापसाची. एक उशी कुठं गेली म्हणून सासूबाई वर्षभर मला विचारत होत्या."

मालक वळले. चष्म्यातून काकूंकडं बघत राहिले.

"तुला माहीत होतं?"

"डोकं माझं होतं त्या उशीवर," काकू म्हणाल्या. "मला कळणार नाही?"